कोर्टातला साक्षीपुरावा नोंदवणे आणि उतरवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लघुलेखनाच्या वर्गातली मुले, नव्याने रुजू झालेले स्टेनो, ज्युनिअर वकील आणि स्वतःच्याच केसची नक्कल वाचून गोंधळलेले पक्षकार यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरे महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांच्या कामाला धरून आहेत. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढची सगळी उत्तरे तिच्यावर उभी आहेत : अपिलातल्या न्यायाधीशांना साक्षीदार दिसत नाही, त्याचा आवाज ऐकू येत नाही. त्यांच्यासमोर असतो तो आपण टाईप केलेला कागद. कुणाची शिक्षा कायम होणार आणि कुणाची जमीन जाणार, हे त्या कागदावरून ठरते.

१. साक्षीदार जे बोलतो ते कोर्टात शब्दन् शब्द लिहिले जाते का?

साधारणपणे नाही. खालच्या कोर्टात साक्ष कथनरूपाने नोंदवली जाते. वकील प्रश्न विचारतात, साक्षीदार उत्तर देतो, न्यायाधीश त्या दोन्हींचे मिळून प्रथमपुरुषी वाक्य करून खुल्या कोर्टात सांगतात आणि स्टेनो ते टाईप करतो. "मी आरोपीस ओळखतो. घटनेच्या दिवशी मी शेतात होतो." असे. काही न्यायाधीश स्वतःच टाईप करतात. फौजदारी खटल्यांत याचा आधार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा; पुढे कायद्याचे नाव न देता कलम आले तर ते याच संहितेचे) कलम ३०९ ते ३११ मध्ये आहे, दिवाणी दाव्यांत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८ मध्ये.

दिवाणी दाव्यात जुलै २००२ पासून सरतपासणी (साक्षीदाराला आणणाऱ्या पक्षाने घेतलेली पहिली तपासणी) प्रतिज्ञापत्रावर येते, म्हणून तिथे स्टेनोचे खरे काम उलटतपासणीपासून सुरू होते. शब्दशः नोंद कधी होते, ते प्रश्न ७ मध्ये पाहा.

२. न्यायाधीशच सांगणार आणि स्टेनो टाईप करणार, मग त्यात वेगळे कौशल्य ते काय?

हा प्रश्न मला सर्वात जास्त खटकतो आणि सर्वात जास्त वेळा येतो. न्यायाधीशांचे एकाच वेळी प्रश्नाकडे, हरकतीकडे, साक्षीदाराच्या चेहऱ्याकडे आणि कागदपत्रांकडे लक्ष असते. निशाणी (कोर्टात दाखल कागदाचा क्रमांक) ४२ म्हणायचे तिथे २४ म्हटले गेले, आरोपी क्रमांक ३ ऐवजी २ आला, साक्षीदाराने "मंगळवारी" म्हटले आणि डिक्टेशनमध्ये "सोमवारी" आले, तर ते ऐकणारा तिसरा कान स्टेनोचा असतो. चांगला स्टेनो साक्षीदाराचे उत्तर आणि न्यायाधीशांचे वाक्य ही दोन्ही ऐकतो, मनात ताडून पाहतो आणि फरक दिसला तर थांबून नम्रपणे विचारतो, "सर, तारीख?" स्वतःच्या मनाने तो दुरुस्ती करत नाही. नोंद न्यायाधीशांची असते, सही त्यांची असते.

ऐकताना पुढच्या वाक्याकडे लक्ष ठेवून मागचे वाक्य हाताने पुरे करणे, हे या कामाचे मूळ कसब आहे. ते महिन्या-दोन महिन्यांत येत नाही.

३. किती वेग लागतो? कोणत्या परीक्षा द्याव्या लागतात?

टंकलेखनाला इंग्रजी ४० आणि मराठी ३० शब्द प्रति मिनिट ही नेहमीची अट. शॉर्टहँडचे टप्पे पदाच्या श्रेणीप्रमाणे ८०, १००, १२० असे चढत जातात. टंकलेखन आणि लघुलेखन या दोन्हींच्या शासकीय परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. जिल्हा न्यायालयांतल्या स्टेनो पदांना पदवी मागतात आणि कायद्याच्या पदवीला प्राधान्य असते. श्रेणी आणि वर्षानुसार अटी बदलतात, म्हणून प्रत्येक वेळी मूळ जाहिरातच वाचावी. क्लासच्या पत्रकावर विसंबू नये.

तुलनेसाठी : अमेरिकेत कोर्ट रिपोर्टर स्टेनोटाईप यंत्रावर काम करतात. तिथल्या व्यावसायिक प्रमाणपत्रासाठी प्रश्नोत्तरांची चाचणी २२५ शब्द प्रति मिनिट वेगाने, ९५ टक्के अचूकतेने पार करावी लागते. तिथे शब्दशः नोंद हाच नियम असल्याने इतका वेग लागतो. आपल्याकडे वाक्य बांधून मिळते, म्हणून वेगाची गरज कमी आणि समजुतीची जास्त.

४. मराठी शॉर्टहँड शिकू की इंग्रजी?

दोन्ही. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा काही अपवाद वगळता १९९८ च्या अधिसूचनेने मराठी आहे. हायकोर्टाचे कामकाज राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजीत चालते. शिवाय एकाच कोर्टात सकाळी मराठी साक्ष आणि दुपारी इंग्रजी निकालपत्र, हा रोजचा क्रम आहे. डॉक्टर, बँक अधिकारी आणि हस्ताक्षरतज्ज्ञ यांच्या साक्षीत एकाच वाक्यात दोन्ही भाषा येतात.

सुरुवात ज्या भाषेत तुमचे शब्दभांडार भक्कम आहे तिच्यापासून करा. पिटमन या शॉर्टहँड पद्धतीत वेगासाठी स्वर गाळले जातात आणि उतरवताना ते संदर्भाने भरावे लागतात. भाषा कच्ची असेल तर चिन्ह बरोबर काढूनही शब्द चुकतो. नावे, आकडे आणि तारखा मात्र चिन्हांवर सोडू नका, त्या वहीतही स्पष्ट लिहा.

५. मी जुन्या फॉन्टमध्ये टाईप करायला शिकलो. चालेल का?

बोटांना रेमिंग्टनचे (जुन्या टाईपरायटरच्या कळमांडणीचे) वळण असले तर ते मोडण्याची गरज नाही, पण मजकूर युनिकोडमध्येच उमटला पाहिजे. कोर्टांतले संगणक उबंटूवर चालतात आणि केसची माहिती एनआयसी (सरकारी माहिती-तंत्रज्ञान केंद्र) पुण्याने तयार केलेल्या सीआयएस या केस-नोंदीच्या प्रणालीत जाते. जुन्या फॉन्टमधली साक्ष दुसऱ्या संगणकावर उघडली की रफार दुसऱ्याच अक्षरावर जातो, जोडाक्षरे फुटतात आणि आकडे चिन्हांत बदलतात. रूपांतर करून देणारी साधने आहेत, पण रूपांतरित मजकूर अक्षर न् अक्षर तपासल्याशिवाय रेकॉर्डला लावू नका. नव्याने शिकणाऱ्यांनी थेट इनस्क्रिप्ट कळमांडणी शिकावी.

६. मोठ्या, गुंतागुंतीच्या खटल्याची तयारी आधी कशी करायची?

कागद वाचून. एवढा एक नियम पाळला तरी निम्म्या चुका होत नाहीत. आदल्या दिवशी न्यायाधीशांची परवानगी घेऊन दोषारोपपत्र, पंचनामे, शवविच्छेदन अहवाल आणि साक्षीदारांची यादी चाळायची आणि एका पानावर चार गोष्टी उतरवून ठेवायच्या : आरोपींची क्रमांकवार नावे 'उर्फ'सकट, गावांची नावे, निशाण्यांचे आणि मुद्देमालाचे क्रमांक, आणि त्या खटल्यातले अवघड शब्द.

गावांच्या नावांवर मी वर्गात पूर्ण तास घालवते. वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द ही दोन गावे आहेत. साक्षीदार नुसते 'वडगाव' म्हणतो, कारण त्याच्यासाठी एकच वडगाव असते. कागदावर कोणते वडगाव हे आले नाही, तर घटनास्थळच हलते आणि पोलीस ठाण्याची हद्दही बदलते. जमिनीच्या दाव्यात गट नंबर आणि जुना सर्व्हे नंबर यांची अशीच गल्लत होते. '१२/१/अ' मधला 'अ' टाईप करताना राहिला तर भावाचा हिस्सा भावाला जातो. फेरफार क्रमांक, सातबाऱ्याचे वर्ष, चतुःसीमेतल्या दिशा हे ऐकून लिहिण्याचे प्रकार नव्हेत. निशाणी समोर ठेवून ताडून पाहायचे.

डॉक्टरांच्या साक्षीआधी जखमांचे प्रकार आणि शरीराच्या भागांची नावे वाचून ठेवा. जखम उजव्या बाजूला की डाव्या, लांबी सेंटिमीटरमध्ये की इंचांत, यावर हल्ला कसा झाला याचा सगळा युक्तिवाद चालतो.

खटल्याचा आवाका किती असू शकतो, याचे उदाहरण मुंबईचेच आहे. १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यात १२३ आरोपी होते आणि सरकार पक्षाने ६८४ साक्षीदार तपासले. अशा ठिकाणी नावांची आणि क्रमांकांची यादी नसेल, तर दुसऱ्याच आठवड्यात नोंदीचा मेळ सुटेल.

७. कथनरूप सोडून प्रश्नोत्तर कधी लिहायचे? आणि "हे म्हणणे खरे नाही की" या वाक्याचा गोंधळ कसा टाळायचा?

प्रश्नोत्तर कधी लिहायचे ते न्यायाधीश ठरवतात. फौजदारीत तो अधिकार वरच्याच कलमांत आहे, दिवाणीत आदेश १८ नियम १० मध्ये. उत्तर टाळाटाळीचे असेल, प्रश्नाच्या शब्दांवरच उत्तराचा अर्थ अवलंबून असेल, किंवा वकिलांनी तशी विनंती केली असेल, तेव्हा ते "प्रश्न-उत्तर घ्या" म्हणतात. त्या क्षणापासून स्टेनोने एकही शब्द बदलायचा नाही. "मला वाटतं" असेल तर "मला वाटते" चालेल, पण ते गाळून चालणार नाही.

आता दुसरा भाग. उलटतपासणीत वकील आपली बाजू सूचनेच्या रूपात मांडतात. "तुम्ही त्या रात्री आरोपीला पाहिलंच नाही, बरोबर?" साक्षीदार म्हणतो, "हो." या 'हो'चे दोन अर्थ होतात : हो, पाहिले, किंवा हो, बरोबर, पाहिले नाही. बोलताना सुरावरून समजते, पण कागदाला सूर नसतो. न्यायाधीश पुन्हा विचारून खात्री करतात आणि मग दोनपैकी एक वाक्य येते : "त्या रात्री मी आरोपीस पाहिले नाही हे म्हणणे खरे आहे" किंवा "त्या रात्री मी आरोपीस पाहिले नाही हे म्हणणे खरे नाही." दोन वाक्यांत फरक फक्त शेवटच्या शब्दाचा, आणि अर्थ थेट उलटा. एका पानावर अशी दहा-बारा वाक्ये ओळीने येतात, हात सवयीने 'खरे नाही' टाईप करत जातो आणि मध्येच एखादे 'खरे आहे' आलेले असते. तिथेच घात होतो. प्रत्येक सूचनेचा शेवट टाईप झाल्यावर नजर एकदा पडद्यावर गेलीच पाहिजे.

जोडप्रश्न याहून वाईट. "तुम्ही सात वाजता दुकान बंद केलं, घरी गेलात आणि भांडण झालं तेव्हा तिथे नव्हता?" उत्तर, "नाही." त्याने काय नाकारले? वेळ, घरी जाणे की गैरहजेरी? अशा वेळी न्यायाधीश बहुधा प्रश्न फोडायला सांगतात. नाही सांगितले आणि तुम्हाला वाक्य बांधता येत नसेल, तर "सर, कोणत्या भागाला नाही?" एवढे विचारण्याचे धैर्य स्टेनोमध्ये हवे.

८. हरकत आली की काय लिहायचे?

फक्त जे नोंदवायला सांगितले जाईल ते. दिवाणीत आदेश १८ नियम ११ सांगतो की हरकत घेतलेला प्रश्न न्यायाधीशांनी परवानगी देऊन विचारू दिला, तर प्रश्न, उत्तर, हरकत, हरकत घेणाऱ्याचे नाव आणि निर्णय हे सगळे नोंदीत यावे. या पाचांपैकी एखादी गोष्ट डिक्टेशनमध्ये राहिली तर विचारून घ्या. वकिलांची आपापसातली खडाजंगी नोंदीचा भाग नाही.

९. पोलीस जबाबातली 'ओमिशन' आणि 'कॉन्ट्राडिक्शन' नोंदवताना नेमके काय सांभाळायचे?

सत्र खटल्यातले हे सर्वात नाजूक काम. कॉन्ट्राडिक्शन म्हणजे कोर्टातली साक्ष आणि पोलीस जबाब एकमेकांच्या विरुद्ध. ओमिशन म्हणजे आज सांगितलेली महत्त्वाची गोष्ट जबाबात नसणे.

विसंगतीसाठी (कॉन्ट्राडिक्शनसाठी) जबाबातला तेवढाच भाग साक्षीदाराला वाचून दाखवतात, तो नाकारला की त्या भागावर 'पोर्शन मार्क अ' अशी खूण होते. पुढे तपास अधिकाऱ्याच्या साक्षीत तो सिद्ध करावा लागतो. म्हणून खुणेचा भाग कुठून कुठपर्यंत, हे साक्षीत निःसंदिग्ध यावे लागते. फौजदारी खटल्यांतल्या त्रुटींबाबत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये जे मसुदा नियम स्वीकारायला सांगितले, त्यांत हेच आहे : संबंधित भाग साक्षीत उतरवावा, ते शक्य नसेल तर त्या भागाचे सुरुवातीचे आणि शेवटचे शब्द द्यावेत. नुसते "पोर्शन मार्क अ दाखवला, खोटा आहे" एवढेच लिहिलेले असेल, तर वर्षांनंतर तपास अधिकारी उभा राहतो तेव्हा कोणत्या ओळींबद्दल बोलायचे हेच कुणाला कळत नाही.

ओमिशनची नोंद अशी येते : "आरोपीच्या हातात कोयता होता असे मी पोलिसांना जबाब देताना सांगितले होते. तसे माझ्या जबाबात का नमूद नाही याचे कारण मी सांगू शकत नाही." ही ठरावीक वाक्यरचना असल्याने स्टेनो ती साठवून ठेवतात आणि चिकटवतात. चिकटवायला हरकत नाही, पण साक्षीदार काही वेळा कारण सांगतो : "मी सांगितलं होतं, त्यांनी लिहिलं नाही" किंवा "मी तेव्हा शुद्धीवर नव्हतो." ही दोन कारणे वेगळी आहेत आणि त्यांचा परिणामही वेगळा. चिकटवलेल्या वाक्याने साक्षीदाराचे खरे उत्तर पुसले जाऊ नये.

१०. साक्षीदार नुसती मान हलवतो, बोट दाखवतो. ते कसे लिहायचे?

"हा होता, तो नव्हता" हे कागदावर निरर्थक आहे. ओळख पटवताना कोणत्या क्रमांकाच्या आरोपीकडे बोट केले, हे न्यायाधीशांच्या तोंडून आले पाहिजे : "साक्षीदाराने कोर्टात हजर असलेल्या आरोपी क्रमांक २ कडे निर्देश केला." मान हलवली तर न्यायाधीश तोंडी उत्तर द्यायला सांगतात. "इथून त्या खिडकीपर्यंत" असे अंतर दाखवले तर फुटांत अंदाज नोंदवला जातो. साक्षीदार रडला, घाबरला, उत्तराआधी बराच वेळ गप्प राहिला, तर वर्तनाबद्दलचा शेरा लिहिण्याचा अधिकार न्यायाधीशांना कलम ३१५ ने दिला आहे. स्टेनोने स्वतःहून कंसात काही घालायचे नाही.

११. चार-पाच आरोपी आणि प्रत्येकाचा वेगळा वकील असेल तर?

प्रत्येक उलटतपासणीच्या आधी मथळा : कोणत्या आरोपीतर्फे, कोणते वकील. एका वकिलाने दुसऱ्याची उलटतपासणी स्वीकारली, नाकारली किंवा ती तहकूब झाली, तर तशी स्पष्ट ओळ. ही ओळ नसेल तर "मला उलटतपासणीची संधीच मिळाली नाही" असा मुद्दा अपिलात उभा राहतो. दोघे एकदम बोलू लागले तर हात थांबवा आणि न्यायाधीशांकडे पाहा. त्यांना इशारा समजतो.

१२. साक्षीदार अशुद्ध बोलला किंवा त्याने शिवी दिली, तर सुधारून लिहायचे का?

गुन्ह्यातले शब्द सुधारायचे नाहीत. आरोपीने दिलेली धमकी किंवा शिवी हाच आरोपाचा गाभा असू शकतो. ती अवतरणचिन्हात जशीच्या तशी येते, कितीही जड वाटली तरी. बाकीची साक्ष कथनरूपात येताना प्रमाण मराठीत बसते, ते ठीक. पण साक्षीदाराने 'कोयता' म्हटले असेल तर 'धारदार शस्त्र' करू नये आणि 'अंधार पडला होता' याचे 'रात्र होती' करू नये. वेळेबद्दल, अंतराबद्दल, संख्येबद्दल त्याने 'अंदाजे' म्हटले असेल तर तो शब्द राहिलाच पाहिजे.

१३. साक्षीदाराला मराठी येत नसेल तर?

दुभाषी लागतो, आणि खरे भाषांतर करणे कलम ३१७ ने त्याच्यावर बंधनकारक आहे. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारकडे भिली आणि पावरी, हे तिथल्या कोर्टांचे नेहमीचे वास्तव आहे. नोंदीत दुभाष्याचे नाव, त्याला शपथ दिल्याची ओळ आणि साक्ष कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत आली, हे हवे. दुभाषी साक्षीदाराशी दोन मिनिटे बोलून एका वाक्यात उत्तर देतो, असे दिसले तर ते न्यायाधीशांच्या नजरेस यायला हवे. आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष चालली असेल तर ती त्याला समजेल अशा भाषेत सांगण्याची तरतूद कलम ३१४ मध्ये आहे.

भाषांतरावरून खटला किती तापू शकतो, हे मराठी वाचकांना सांगायला नको. १९०८ मध्ये मुंबई हायकोर्टात न्या. दावर यांच्यासमोर लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा 'केसरी'तल्या लेखांचे इंग्रजी भाषांतर हाच वादाचा मोठा मुद्दा होता. टिळकांनी भाषांतरकाराची उलटतपासणी स्वतः घेतली.

१४. लहान मुलाची किंवा बोलता न येणाऱ्या व्यक्तीची साक्ष कशी नोंदवतात?

मुलाला आधी काही साधे प्रश्न विचारून समज पाहतात. हे प्रश्न आणि उत्तरे प्रश्नोत्तर रूपातच नोंदवावीत, कारण मूल साक्ष द्यायला सक्षम होते की नाही हे अपिलात त्यांवरूनच पाहिले जाते. खरे बोलावे हे कळते पण शपथेचा अर्थ कळत नाही, अशा बारा वर्षांखालील मुलाला शपथ न देता साक्ष घेता येते. शपथ कायदा, १९६९ चे कलम ४ तसे सांगते. 'शपथेवर' हा छापील मथळा अशा वेळी काढायला विसरू नका.

पोक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या) खटल्यात वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाहीत, ते न्यायाधीशांमार्फत जातात. मुलाची ओळख उघड होईल असे काही बाहेर जाता कामा नये : नाव, शाळा, पत्ता, आईवडिलांचे नाव.

बोलू न शकणारी व्यक्ती लिहून किंवा खुणांनी साक्ष देऊ शकते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १२५ प्रमाणे ती तोंडी पुरावाच मानली जाते. दुभाष्याच्या मदतीने घेतलेल्या अशा साक्षीचे व्हिडिओ चित्रीकरण व्हावे लागते.

१५. साक्ष वाचून दाखवल्यावर साक्षीदार म्हणाला, "मी असं बोललोच नाही." आता?

कलम ३१३ प्रमाणे साक्ष पूर्ण झाल्यावर ती साक्षीदाराला, आरोपी किंवा त्याच्या वकिलाच्या समक्ष, वाचून दाखवायची असते आणि गरज असल्यास दुरुस्त करायची असते. टायपिंगची चूक असेल तर ती न्यायाधीशांच्या आदेशाने तिथेच दुरुस्त होते. पण साक्षीदार आपले उत्तरच फिरवतो आहे असे वाटले, तर न्यायाधीश मजकूर न बदलता त्याच्या हरकतीची टीप आणि आपला शेरा खाली लिहू शकतात.

स्टेनोसाठी नियम सोपा आहे : सही झाल्यानंतर फाइलमधल्या एका स्वल्पविरामालाही हात लावायचा नाही. साक्ष घाईत न वाचता सही होत असेल, तर निदान नावे, तारखा आणि 'आहे-नाही' तरी स्वतः पुन्हा तपासून प्रिंट द्या.

१६. डिक्टेशनमध्ये '३१३' ऐकले. कोणते ३१३?

अगदी योग्य प्रश्न. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली, पण त्याआधी प्रलंबित असलेले खटले जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे चालू राहिले. म्हणून एकाच कोर्टात दोन्ही आकडे ऐकू येतात. जुन्या संहितेचे ३१३ म्हणजे आरोपीचा जबाब, तो नव्या संहितेत ३५१ आहे. नव्या संहितेचे ३१३ म्हणजे साक्ष वाचून दाखवणे, जे जुन्या संहितेत २७८ होते. तसेच पोलिसांपुढचा जबाब १६१ वरून १८० आणि मॅजिस्ट्रेटपुढचा १६४ वरून १८३ झाला. कलमाच्या आकड्यापुढे कायद्याचे नाव लिहिण्याची सवय लावून घ्या. या लेखात जिथे कायद्याचे नाव न देता कलम सांगितले आहे, तिथे ते नव्या संहितेचे समजावे.

१७. व्हिडिओ कॉन्फरन्सवरची साक्ष वेगळी कशी?

कायद्याने ती साक्षच आहे. महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष अशी घेण्यास मान्यता दिली होती.

नोंदवणाऱ्याची अडचण आवाजाची. आवाज उशिरा येतो, तुटतो आणि तुटलेला शब्द नेमका 'नाही' असू शकतो. अंदाजाने भरू नका, उत्तर पुन्हा घ्यायला सांगा. जोडणी तुटली तर किती वाजता तुटली आणि कधी पूर्ववत झाली, पलीकडे साक्षीदाराजवळ कोण होते, कोणते कागद दाखवले, हे नोंदीत यावे. कोठडीतल्या आरोपीचा जबाब असा घेतला असेल तर त्याची सही ७२ तासांच्या आत घ्यावी लागते, हे कलम ३१६ मधले नवे परंतुक आहे.

१८. आता एआय सगळे लिहील. मग हे शिकण्यात अर्थ आहे का?

आहे, आणि मी हे नोकरी टिकवण्यासाठी बोलत नाही. सर्वोच्च न्यायालयात २१ फेब्रुवारी २०२३ रोजी घटनापीठापुढे पहिल्यांदा एआयच्या साहाय्याने थेट शब्दांकन झाले, तेही महाराष्ट्रातल्या सत्तासंघर्षाच्या सुनावणीत. तिथे बोलणारे प्रशिक्षित वकील होते, इंग्रजीत बोलत होते, समोर माईक होता. केरळच्या जिल्हा न्यायालयांत १ नोव्हेंबर २०२५ पासून साक्षी नोंदवण्यासाठी 'अदालत एआय' वापरायला सांगितले गेले. हे वारे इकडेही येणार.

पण यंत्र चुकते ते नेमके आपल्या मर्मस्थानी : गावाचे नाव, आडनाव, नकार, कोण बोलले. शिवाय चुकलेले वाक्य ते इतके नीटनेटके लिहिते की डोळा सहज पुढे सरकतो. म्हणून पुढच्या काळात तपासणाऱ्या माणसाची गरज वाढेल आणि तपासणे हे लिहिण्याइतकेच अवघड काम आहे. यंत्राचा मसुदा मूळ आवाज ऐकत वाचायचा, नुसता वाचायचा नाही. कोर्टाने मंजूर न केलेल्या फुकट साधनांवर साक्षीचा आवाज चढवणे हा गोपनीयतेचा भंग आहे. प्रश्न १४ मधल्या मुलांच्या साक्षी आठवा.

१९. एका तासाचे ध्वनिमुद्रण उतरवायला किती वेळ धरावा?

आवाज स्वच्छ आणि बोलणारे दोन असतील तर अनुभवी माणसाला साधारण चार तास. लवाद किंवा चौकशी समितीच्या बैठकीत सहा-सात जण बोलत असतील तर त्याहून बराच जास्त. न कळलेला शब्द अंदाजाने न भरता '(अस्पष्ट, ००:१४:३२)' असे वेळेसह लिहावे. ज्याला फाइल दिली तो वेळ पाहून स्वतः ऐकू शकतो.

२०. फोनवरच्या संभाषणाचे लेखी रूप टायपिस्टकडून करून घेतले. पुरावा म्हणून चालेल ना?

नुसता तो कागद चालत नाही. पुरावा मूळ ध्वनिमुद्रणाचा असतो, शब्दांकन ते समजायला मदत करते. आवाज कुणाचा, फेरफार झालेला नाही ना, आणि संभाषण विषयाशी संबंधित आहे ना, हे पाहिले जाते. महाराष्ट्रातल्याच आर. एम. मलकानी प्रकरणापासून (१९७२) हे तत्त्व चालत आले आहे. मूळ उपकरणच कोर्टात सादर होत नसेल तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र लागते. नव्या नमुन्यात ते दोन भागांत आहे आणि त्यात हॅश मूल्य (फाइलची डिजिटल ओळखखूण) द्यावे लागते. जुन्या साक्ष कायद्याच्या कलम ६५-ब खाली हे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक वादात, अर्जुन खोतकर प्रकरणात, ठामपणे सांगितले.

टायपिस्टने शब्दांकनावर स्वतःचे नाव, तारीख आणि फाइलचे नाव लिहावे. उद्या कोर्टात "हे कुणी उतरवले" असे विचारले जाऊ शकते. शिवी गाळू नये, अर्धवट वाक्य पूर्ण करू नये.

२१. आपली केस चालू असताना मी मोबाईलवर रेकॉर्ड करू का? माझ्या साक्षीची प्रत कशी मिळेल?

परवानगीशिवाय रेकॉर्ड करू नका. व्हिडिओ कॉन्फरन्सवरही नाही. कारवाई होऊ शकते. साक्षीची प्रत हवी असेल तर नक्कल विभागात अर्ज करून प्रमाणित नक्कल घ्या. ती मिळाल्याबरोबर वाचा, आणि नाव, तारीख किंवा 'आहे-नाही' चुकले आहे असे वाटले तर त्याच आठवड्यात वकिलांना सांगा. वकील कोर्टात अर्ज देऊ शकतात आणि न्यायाधीशांच्या आठवणीत साक्ष ताजी असताना त्या अर्जाला वजन असते. स्टेनोला गाठून "तेवढं बदलून द्या" म्हणू नका. तो ते करू शकत नाही, आणि ज्याने केले त्याने गुन्हा केला.